बिनरांगोळीचं दार

माझा राग आमच्या मलकपेठच्या गल्लीभर माहीत होता. दूधवाला सगळीकडे पाणी घालायचा, आमच्या दारी घालायचा नाही. भाजीवाली माझ्यासमोर काटा मारायला धजायची नाही. आमचे हे ऑफिसातून आले की आधी दाराशी उभं राहून कानोसा घ्यायचे, मगच चपला काढायचे. आणि या रागाचा रोजचा, हक्काचा वाटा जायचा माझ्या थोरल्या जाऊबाईंना.

त्याही काही कमी नव्हत्या म्हणा. परभणीकडच्या दोन शेतकरी घरांतल्या आम्ही दोन मुली. दोघा भावांना हैदराबादेत सरकारी नोकरी लागली, म्हणून एका स्वयंपाकघरात येऊन पडलेल्या. भाकरी माझी, भाजी त्यांची. धुणं माझं, सडा-रांगोळी त्यांची. भांडण मात्र दोघींचं मिळून. मी भाकरी जाड थापते म्हणून त्या भांडायच्या, त्या भाजीत चिंच फार घालतात म्हणून मी. "जाऊबाई, तुम्ही पुऱ्या तेलंगी झालात बघा," मी म्हणायची. "आणि तू इतकी वर्षं शहरात राहून गावंढळ ती गावंढळच," हे त्यांचं उत्तर. सकाळी भांडायचो आणि दुपारी पुरुष माणसं ऑफिसात असताना एका ताटात जेवायचो.

त्यांना मूल नव्हतं. माझी मुलगी त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. त्यांना ती मोठीआई म्हणायची, आणि पडली-झडली की आधी त्यांच्याकडे पळायची. याचाही मला राग यायचा, हे काय वेगळं सांगायला हवं?

मग आमच्या राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि हैदराबाद शहर तेलुगू लोकांच्या नव्या राज्याची राजधानी झालं. आपला मुलूख आपल्या भाषेत आला म्हणून भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, आबिड्सच्या बाजारातून पेढे घेऊन आले. आम्ही ते आनंदानं खाल्ले. आपलंच घर यात मधोमध चिरलं जाणार आहे, हे पेढे खाताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे माणसांची वाटणी झाली. भावजींना औरंगाबादला जायचा हुकूम आला, आणि ह्यांचं खातं असं की त्यांना इथंच ठेवून घेतलं.

काचीगुड्याच्या स्टेशनवर आम्ही दोघी रडलो नाही. गाडी हलली तेव्हा जाऊबाई खिडकीतून म्हणाल्या, "भाकऱ्या पातळ कर गं जरा."

"तुम्ही चिंच कमी घाला," मी म्हटलं. मुलगी माझ्या कडेवर आकांत करत होती. मी तिला दटावलं आणि घरी आले.

पहिले काही दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सगळं स्वयंपाकघर माझं. डबे मला हवे तसे लावले. भाजीत चिंचेचं बुटुकही घातलं नाही. मग एका सकाळी भाकरी थापता थापता माझा हात थांबला. भाकरी जाड झाली होती, आणि ती जाड झाली म्हणून सांगायला घरात कुणी नव्हतं. मी ती तव्यावर टाकली. ती करपायला लागली, धूर झाला, आणि मी नुसती बघत बसले. उलटायला हात उचलेना.

त्याला दुःख म्हणता यायचं नाही, हे मी आजही ठामपणे सांगेन. दुःख झालं की रडू येतं आणि रडलं की मोकळं वाटतं. मला रडू येईना. भूक लागेना. सकाळी जाग यायची ती छातीवर पाटा ठेवल्यासारखी. उठायचं, तोंड धुवायचं, चूल पेटवायची, यातलं एकेक काम डोंगराएवढं वाटायचं, आणि ते होत नाही म्हणून स्वतःची शरम वाटायची. सगळ्यांत वाईट म्हणजे मला राग येईना. दूधवाल्यानं दुधात पाणी घालायला सुरुवात केली आणि मी ते गुमान घेतलं. ह्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि पेला खाली ठेवला. त्या दिवशी ते खरे घाबरले.

मुलीचे हाल झाले. तिची वेणी घालायला मी बसायची, फणी हातात घ्यायची, आणि तिथंच हरवायची. ती बिचारी मान वाकवून थांबायची, थांबून थांबून उठून जायची. कधी दुपारचं जेवण राहायचं. माझं तिच्यावर प्रेम नव्हतं असं नाही, बाई. जीव तुटायचा. पण तुटलेला जीव घेऊन उठून भात लावता येत नव्हता, त्याला काय करू?

शेवटी ह्यांनी औरंगाबादला कळवलं. तिकडून ह्यांच्याच ऑफिसातले एक गृहस्थ येत होते, त्यांच्याबरोबर भावजींचा निरोप आला. पाडव्याला आम्ही दोघं येतो, पोरीला घेऊन जातो, तिची हयगय होतेय, तुझ्या बायकोला बरं वाटलं की पुढचं बघू. ह्यांनी मला ते जसंच्या तसं सांगितलं. पूर्वीची मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा नुसतं "बरं" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आत मात्र लख्ख कळत होतं, की पोरगी एकदा गेली की मग उठायला काही कारणच उरणार नाही. तिला परत कधी आणायचं, कोण आणणार, "बरं वाटलं" म्हणजे काय आणि ते कोण ठरवणार?

यात संक्रांत आली. आमच्या घराचे दोन पोर्शन होते आणि मध्ये फरशीचं अंगण. पुढच्या पोर्शनमध्ये घरमालकीणबाई राहायच्या, मागे आम्ही, दारं समोरासमोर. त्या तेलुगू. मी त्यांना अक्का म्हणायची. आपल्यातही अक्का, त्यांच्यातही अक्काच. आम्ही आपसात हैदराबादी उर्दूत बोलायचो, आणि अडलं की त्या तेलुगूत शिरायच्या आणि मी मराठीत. त्यांच्याकडे संक्रांतीला बाहुल्या मांडतात आणि बायकांना हळदकुंकवाला बोलावतात. दर वर्षी पहिलं बोलावणं आम्हा दोघी जावांना असायचं. त्या वर्षी आलं नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका येऊन गेल्या. त्यांच्या बांगड्या, हसणं, आरतीचं गाणं मी पडल्या पडल्या ऐकलं. आधीही अक्का अंगणात दिसल्या की खाली मान घालून आत जायच्या, ते मला आठवलं. म्हटलं, झालं. राज्य ह्यांचं झालं, आता मराठी बाई कशाला लागते! जी काही थोडी धुगधुगी होती तीही विझली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारची वेळ. मुलगी अंगणात एकटीच खेळत होती. दार लोटून अक्का आत आल्या. डोक्यावर पदर, हातात झाकण घातलेलं पातेलं. "या" म्हणायची वाट न बघता माझ्या अंथरुणाशी येऊन बसल्या. माझा हात हातात घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अम्मा, इत्ते दिन नै आई मैं. ऐसे टैम पे क्या बोलना, समझ में नै आया. कौन गुजर गए?"

मला काही कळेना. "कौन गुजर गए?"

"वोइच पूछ री. गाँव में अम्मा थे क्या? बाप?"

"कोई नै मरा, अक्का."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "फिर दरवाजे के सामने मुग्गु कायकू नै?"

मुग्गु म्हणजे त्यांची रांगोळी. आपल्यातही सुतकात रांगोळी काढत नाहीत. पण एरवी एखाद्या दिवशी राहिली तर राहिली, त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. अक्कांच्या घरात मात्र माणूस गेल्याखेरीज दार कोरं ठेवायचंच नाही, अशी रीत. समोरचं दार रोज कोरं दिसतंय, मी बाहेर येत नाही, चुलीचा धूर वेळेवर नाही, त्यांनी धरूनच चाललं होतं की आमच्याकडे कुणीतरी जवळचं गेलंय. म्हणून माझ्याकडे बघून हसायचं नाही. म्हणून हळदकुंकवाचं बोलावणं नाही, दुःखातल्या बाईला उगाच लागेल. आणि शेवटी पोरगी उपाशी फिरताना दिसली तेव्हा त्यांना राहवलं नाही, दुःखाच्या घरी न्यायचं म्हणून वरण-भात शिजवून घेऊन आल्या होत्या.

"मुग्गु जाऊबाई डालते थे," मी म्हटलं.

एवढंच बोलले आणि मला जे रडू फुटलं! गाडी गेली त्या सकाळपासून ते दार कोरं पडलं होतं. मी रोज त्यावरून आत-बाहेर केलं होतं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. अक्का तर रडायच्या तयारीनंच आल्या होत्या, त्यामुळे त्यांनी मला उत्तम साथ दिली. दोघी मनसोक्त रडलो. मग मी हुंदके देत सांगितलं, की मला वाटलं तुम्हाला आता मराठी माणूस नकोसं झालं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो! पागल है क्या तू?" आणि पातेल्याचं झाकण काढलं. वरण आंबटढाण होतं, जाऊबाईंच्या भाजीसारखं. मी ते पोटभर खाल्लं. मुलीनंही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर सडा घातलेला, आणि ऐसपैस मुग्गु. अक्कांनी आपल्या दारासारखीच आमच्या दारात काढलेली. पुढचे काही दिवस असंच चाललं. मी बघायची, आणि आत जाऊन पडायची. मग एके दिवशी पाहते तर नुसते ठिपके. ओळीनं, सारख्या अंतरावर मांडलेले, आणि रेघ एकही नाही. शेजारी करवंटीत थोडी रांगोळी ठेवलेली. मला वाटलं, अक्कांना कुणी हाक मारली असेल, येतील पुरं करायला. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही ठिपके. तिसऱ्या दिवशीही. येता-जाता पोरगी ते पायानं फिसकटायची, दुपारपर्यंत दार नुसतं घाण दिसायचं.

मी अंथरुणातून ते बघत राहायची. अर्धवट टाकलेलं काम मला आयुष्यात कधी सहन झालं नाही. एका सकाळी आतून काहीतरी उसळलं. ही काय रीत झाली? काढायची तर पुरी काढा, नाहीतर काढूच नका! उठले, पदर खोचला, करवंटी घेतली आणि तशीच पारोशी दारात बसून रेघा ओढल्या. आपल्याकडे ठिपका ठिपक्याला जोडतात, तशी सरळ जोडून टाकली. मान वर केली तर समोरच्या दारात अक्का उभ्या. "गलत," त्या म्हणाल्या. त्यांच्यात रेघ ठिपक्याला शिवत नाही, त्याला वळसा घालून जाते, आणि एकदा सुरू केली की सुरुवातीच्या जागी येईपर्यंत तुटू द्यायची नसते. "तुम्हारा मुग्गु है तो तुमीच डालो ना फिर!" मी ओरडले. त्या आनंदानं हसल्या. "हौ," म्हणाल्या, "कल डालो सही."

आत आले आणि मग लक्षात आलं. मला राग आला होता! इतक्या महिन्यांनी, चांगला सणसणीत राग. ह्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चहा केला, माझ्यासमोर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना एकदा भेटून यायचं का?" मी हो म्हटलं.

जामबागेत ह्यांच्या ओळखीच्या एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. नातेवाइकांपैकी कुणी मला बाहेरची बाधा म्हटलं होतं, कुणी रिकामपणाची नाटकं. या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, डोळे-जीभ पाहिली, आणि म्हणाल्या, "मनालाही आजार होतो. ताप आला तर तुम्ही स्वतःला शिव्या देता का? मग याच्यासाठी का देता?" अंगात ताकद यावी म्हणून औषध दिलं. बाकी सांगितलं ते अगदी साधं. सकाळी उठल्या उठल्या आंघोळ. भूक असो-नसो, वेळेवर दोन घास. थोडा वेळ उन्हात बसायचं. संध्याकाळी चालायला जायचं. कुणा एकाशी तरी रोज बोलायचं. जेवढं होईल तेवढंच, आणि नाही झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. फार वाईट विचार आले तर एकटीनं सोसायचं नाही, त्याच पावली त्यांच्याकडे यायचं. आणि दर आठवड्याला तोंड दाखवायचं. मी म्हटलं, "पाडव्याच्या आत बरी होईन ना?" त्यांनी असं काही वचन दिलं नाही. म्हणाल्या, "सुरुवात झालीय, एवढं मी सांगू शकते."

सुरुवात झाली होती, पण बाई गं, काय ती सुरुवात! आज आंघोळ झाली तर उद्या नाही. ह्यांनी पोरीची वेणी घालायला घेतली. ती एका कानावर चढलेली आणि दुसऱ्या कानाखाली लोंबणारी वेणी घेऊन पोरगी गल्लीभर मिरवायची. संध्याकाळी ऑफिसातून आले की मला घेऊन निघायचे, रेसकोर्सच्या भिंतीकडेनं. मी म्हणायची, "माझ्याशी काय बोलणार तुम्ही? मला काही सुचत नाही." ते म्हणायचे, "नको बोलूस. नुसती चल." मग आपल्याच ऑफिसातल्या फायलींचं काहीतरी सांगत राहायचे. कुठली फाइल औरंगाबादला गेली, कुठली चुकून बंगळूरला. इतक्या रटाळ गोष्टी मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. एकदा म्हटलं, "पुरे हो आता." ते एकदम इतके खूश झाले, की कोपऱ्यावरच्या इराण्याकडून माझ्यासाठी बिस्किटं घेतली.

ठिपके मात्र रोज असायचे. कधी मी रेघ पुरी करायची, कधी निम्म्यात सोडायची. वाईट दिवशी दार उघडायचीच नाही. अक्का कधी विचारायच्या नाहीत, का नाही काढलं म्हणून. सकाळी त्यांच्या बादलीचा आवाज यायचा, सड्याचं पाणी फरशीवर पडल्याचा, आणि मला कळायचं की बाहेर काहीतरी माझ्यासाठी ठेवलंय. होळीच्या सुमाराला तर मी पुन्हा पार कोसळले. सगळं होतं तिथं आल्यासारखं. पाडवा जवळ येत होता आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. वाटलं, संपलं, आता पोरगी जाणारच. तेव्हा अक्का आत आल्या, पोरीला आपल्याकडे जेवायला नेलं, आणि दारातून एवढंच म्हणाल्या, "आज नै तो कल. मुग्गु किधर भाग के जाता?" मी चिडले नाही, रडलेही नाही. पण थोड्या दिवसांनी परत दारात जाऊन बसले. तोवर रेघ वळवायला मला जमायला लागली होती.

पाडव्याच्या आदल्या दुपारी भावजी आणि जाऊबाई आले. मी सकाळपासून घर लखलखीत करून ठेवलं होतं. पोरीला नवं परकर-पोलकं, घट्ट वेणी, माझ्या हातची. जाऊबाईंनी बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून मी देव्हाऱ्यातली भांडीसुद्धा चिंचेनं घासली होती. बघा म्हणावं, होतेय का हयगय!

त्या रिक्षातून उतरल्या आणि मी बघतच राहिले. ब्लाउज अंगावर लोंबत होता. केस कसेतरी बांधलेले. पोरगी "मोठीआई" म्हणून धावली. तिला त्यांनी धरलं ते सोडलंच नाही, पण तोंडावर हसू येईना. घरात आल्या, बसल्या. लखलखीत भांड्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी म्हटलं, "गुढीचा तांब्या अजून घासायचा राहिलाय."

"असू दे," त्या म्हणाल्या.

 इतक्या वर्षांत या बाईच्या तोंडून मी "असू दे" कधी ऐकलं नव्हतं. खात्री करून घ्यावी म्हणून संध्याकाळी मी मुद्दाम भाकरी जाडजूड थापली, कडेला कच्ची राहील अशी. ताटात वाढली. त्यांनी अर्धी खाल्ली, उरलेली बाजूला सारली आणि म्हणाल्या, "छान झालीय."

जेवण झाल्यावर भावजींनी विषय काढला. "पोरीचं मग कसं? परवाच्या गाडीनं निघावं म्हणतो." जाऊबाई आत होत्या. भावजींनी आवाज खाली आणला. "तुझ्यासाठी म्हणून निरोप पाठवला होता सूनबाई, पण खरं सांगू का, आता हिच्यासाठी मागतोय. तिकडं गेल्यापासून ही उठतच नाही. शेजार नवा, घर रिकामं. पोर आली तर हिला आधार होईल." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उद्या सकाळी सांगते, भावजी."

भांडी घासता घासता मी विचार करत होते. नाही म्हणावं तर त्या बाईचं काय होईल, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हो म्हणावं तर माझं काय होईल? आणि पोरीचं? तेवढ्यात ती माझ्यामागे येऊन पाठीला टेकून उभी राहिली, आणि मला एकदम स्वच्छ दिसलं. हीच पोर सगळे दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती. हिच्यासाठी मी तडफडत होते, आणि तरीही हिच्यामुळे उठले नव्हते. उठवायचं हे त्या जिवाचं कामच नव्हतं. मला उठवलं ते मोठ्या माणसांनी, रोज थोडं थोडं, आणि तेही माझ्यासाठी थोडं बाकी ठेवून. मी माझ्या पोरीला कुणाच्या छातीवरचा पाटा उचलायला धाडणार नव्हते. आणि जाऊबाईंना तसंच परत जाऊही देणार नव्हते.

पाडव्याच्या सकाळी मी अक्कांच्या आधी उठले. आमच्याकडे पाडवा, त्यांच्याकडे उगादी, दोन्ही दारांत सण. मी सडा घातला. ठिपके मांडले, ओळीनं, सारख्या अंतरावर. करवंटी शेजारी ठेवली. मग आत जाऊन जाऊबाईंच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. "उठा. दार तुमचं आहे. मी भाकऱ्यांची मालकीण, रांगोळी मला लागू नाही."

"तूच काढ गं. मला नाही होत."

"मला माहिती आहे नाही होत. सगळं नका करू. ठिपके मी घातलेत, नुसती रेघ ओढा."

त्यांनी केस मागे सारले. मग उठल्या, उंबरा ओलांडून बाहेर आल्या, आणि खाली बसल्या. बसूनच राहिल्या. मी आत गेले नाही. शेवटी त्यांनी चिमूट उचलली आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्याला सरळ रेघ ओढली.

"चुकलं," मी म्हटलं. "वळसा घालून न्यायची."

"हे कुणी सांगितलं?"

"अक्कांनी. इथं अशीच काढतात."

"म्हणजे आता तू तेलंगी झालीस?" जाऊबाईंनी मान वर केली. "हैदराबादेत येऊन मी रांगोळ्या काढत होते तेव्हा तुझं लग्नही झालं नव्हतं. मला शिकवतेस?"

"तुम्हाला कोण शिकवणार? तुम्हाला सगळं जन्मजातच येतं!"

"काल ती भाकरी होती का विटेचा तुकडा होता गं?"

"मग काल का नाही बोललात? छान झालीय म्हणे!"

आमचे आवाज अंगण भरून गेले. समोरच्या दारात अक्का हळदकुंकवाचं ताट घेऊन थबकल्या. पोरगी धावत आत गेली आणि तिचं ओरडणं बाहेर ऐकू आलं, "बाबा, बाबा, चला! आई आणि मोठीआई भांडतायत!" हे तसेच अर्ध्या दाढीला साबण लावलेले बाहेर आले, त्यांच्यामागे भावजी. दोघं भाऊ पायरीवर बसले, आणि एकानंही आम्हाला थांबवलं नाही. ह्यांनी पंच्यानं डोळे पुसले.

बोलता बोलता जाऊबाईंचा आवाजच फुटला. मुठीतली रांगोळी तशीच धरून त्या म्हणाल्या, "तिथं माझ्यावर कुणी ओरडत नाही गं. इतके महिने झाले, कुणी ओरडलंच नाही."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. "पोरगी नाही यायची जाऊबाई," मी म्हटलं. "ती इथंच राहील. तुम्ही राहा."

"राहू?" त्यांनी विचारलं. मानी बाई. माझ्याकडे आजवर काही म्हणून मागितलं नव्हतं. "थोडे दिवस?"

"विचारता काय? पण सकाळी उठावं लागेल. आणि जामबागेत एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे यावं लागेल." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टपटप ठिपक्यांवर पडायला लागलं. "आणि रडायचं तर बाजूला होऊन रडा. रेघ सगळी बिघडतेय."

"बिघडू दे," त्या म्हणाल्या, आणि रडत रडतच पुढच्या ठिपक्याला त्यांनी वळसा घातला.